धाप कोणाला लागते?

भामचंद्राचा डोंगर चढताना अर्ध्या वाटेत थोरला नातू मटकन खाली बसला. धाकटी त्याच्या चार पावलं पुढं होती, पण तिचेही शब्द तुटत होते. "आबा, माझी फुप्फुसं दमली," तो म्हणाला.

"फुप्फुसं कशी दमतील रे? दमायला स्नायू लागतो. श्वास ओढणारा एकही स्नायू फुप्फुसात नाही."

त्याला ते पटेना. मग मीही दगडावर टेकलो. मी झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे पोरानं असा प्रश्न टाकला की माझे पाय आपोआप थांबतात. तुकाराम महाराज या डोंगरावर चिंतनाला येत, अशी आपल्याकडची परंपरा. वाटेत त्यांनाही कुठंतरी टेकावं लागतच असेल. खाली चाकण एमआयडीसीच्या शेड दिसत होत्या, आणि तळेगाव रस्त्यावर कंटेनरची नेहमीची रांग.

तर ऐक. बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या तळाशी स्नायूचा एक घुमट आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. त्याच्या वर छाती, खाली पोट. हा घुमट आकसला की सपाट होतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीत जागा वाढते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपणहून आत शिरते. आपण हवा ओढत नाही, तिला जागा करून देतो. आणि बसल्या जागी श्वास सोडायला तर काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस स्वतःच आकसतं.

"मग उचकी?" धाकटीनं विचारलं.

तीही श्वासपटलाचीच. ते अचानक आकसतं, हवा आत घुसते, आणि पाव सेकंदाच्या आत स्वरयंत्र धाडकन बंद होतं. तो आवाज म्हणजे 'हिक्'. तुमची आजी मात्र अजून आठवण काढणाऱ्यांची नावं घेत बसते, आणि खरं सांगायचं तर तिची उचकी थांबतेही. नाव आठवण्याच्या नादात माणूस श्वास धरून ठेवतो, त्याचाच तो गुण असावा.

मोठा माणूस बसल्या जागी मिनिटाला बारा ते पंधरा वेळा, दर वेळी साधारण अर्धा लिटर हवा घेतो. दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास श्वास आणि दहा हजार लिटर हवा. पाणी पितो तीन लिटर, अन्न खातो दीड किलो, आणि त्या दोन्हींची चव बघतो, वास घेतो, नावं ठेवतो. हवा मात्र जी समोर येईल ती.

तरी अगदी बिनतपासणीची नाही. तुमचा बाप पेंट शॉपला आहे, त्याला विचारा. गाडीला रंग मारायच्या बूथमध्ये नुसती खिडकी उघडून हवा घेत नाहीत. आधी ती गाळायची, मग ठरावीक उष्णतेची करायची, ठरावीक ओलावा द्यायचा, आणि मग आत सोडायची. नाहीतर रंगावर दाणे धरतात. त्या कामाला खोलीएवढं यंत्र आणि महिन्याचं भलंमोठं वीजबिल लागतं. तेच काम नाक करतं. नाकपुडीच्या आत दोन्ही बाजूंना हाडांच्या तीन-तीन वळ्या असतात, त्यांना शुक्तिका म्हणतात. त्यांच्यावर ओली, रक्तानं भरलेली त्वचा. त्या वळ्यांमधून फिरताना हवा तापते, भिजते, तिच्यातली जाड धूळ चिकटून राहते. जानेवारीच्या पहाटे फर्स्ट शिफ्टला निघालेल्या माणसाच्या नाकात आठ-दहा अंशांची हवा शिरते, आणि फुप्फुसाच्या आतल्या फांद्यांपर्यंत पोचेतो ती सदतीस अंशांची, ओलाव्यानं काठोकाठ भरलेली झालेली असते. तोंडानं श्वास घेणाऱ्याला ही सोय नाही, म्हणून सर्दीत घसा कोरडा पडतो.

घरी गेल्यावर एक करून बघा. स्टीलची ताटली नाकाखाली आडवी धरा आणि श्वास सोडा. वाफेचे दोन ठिपके उमटतील, पण बहुतेक वेळा एक मोठा आणि एक लहान. काही तासांनी पुन्हा बघा, लहानाचा मोठा झालेला असेल. दोन्ही नाकपुड्या पाळीपाळीनं काम करतात. एक चालते तेव्हा दुसरीतल्या वळ्या फुगून जरा विसावतात. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1895 मध्ये हे शास्त्राच्या भाषेत मांडलं. आपल्याकडच्या योग्यांना ते कधीचं ठाऊक होतं. सूर्यनाडी, चंद्रनाडी म्हणत ते हेच. त्यावरून त्यांनी शकुन-अपशकुन काढले ते सोडा, निरीक्षण पक्कं होतं.

नाकाच्या मागं घसा. इथं शरीराची जरा विचित्र रचना आहे: हवेची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदून जातात. प्रत्येक घोटाला स्वरयंत्र वर उचललं जातं, त्याच्यावरचं झाकण खाली येतं, श्वास क्षणभर थांबतो. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, कळेल. जेवताना हसलात की हे वेळापत्रक चुकतं आणि ठसका लागतो. पण लहान पोराच्या बाबतीत ठसक्यावर भागत नाही. शेंगदाणा एकदा श्वासनलिकेत उतरला की बहुतेकदा उजवीकडे जातो, कारण उजवी फांदी जास्त रुंद आणि जास्त सरळ उभी. डावीकडे हृदयाला जागा द्यायची म्हणून तिकडची फांदी आडवी गेलीय आणि डाव्या फुप्फुसाचे भागही दोनच, उजव्याचे तीन. तीन-चार वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात अख्खे दाणे देऊ नका, कूट करा.

श्वासनलिका तुम्हाला गळ्यावर चाचपता येते, कडक कड्या लागतात. सोळा ते वीस कड्या, कूर्चेच्या. पण एकही पुरी गोल नाही. मागच्या बाजूनं, म्हणजे अन्ननलिकेकडून, प्रत्येक उघडी. भाकरीचा मोठा घास उतरताना अन्ननलिकेला फुगायला तेवढी जागा मिळते.

आतून या नलिकेला ओली चिकट साय धरलेली असते आणि तिच्याखाली डोळ्यांना न दिसणारी लव. ही लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते, सगळी एकाच दिशेनं, घशाकडे. सायीवर चिकटलेली धूळ त्यामुळे मिलिमीटर-मिलिमीटरनं वर सरकत येते आणि आपण ती नकळत गिळून टाकतो. तुम्ही झोपलात तरी हे चालू. विडी-सिगारेटच्या धुरानं ही लव लुळी पडते, पुढं गळूनही जाते. मग साचलेला कफ खोकूनच काढावा लागतो. आमच्या लहानपणी पहाट झाल्याचं कोंबड्याच्या आधी म्हाताऱ्यांच्या खोकल्यानं कळायचं.

"आणि कंपन्यांचा धूर?" थोरल्यानं खालच्या रस्त्याकडं बोट केलं.

ते धुळीच्या कणाच्या मापावर आहे. मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन. दहा मायक्रॉनच्या वरचा कण बहुधा नाकातच अडतो. त्याहून बारीक तो लवेच्या तावडीत सापडतो. अडीच मायक्रॉनच्या आतला मात्र थेट तळापर्यंत जाऊ शकतो, जिथं साय नाही, लव नाही. ट्रकच्या धुरातली काजळी या जातीची. तळाला पहाऱ्यावर भक्षक पेशी असतात. त्या कणाला वेढून गिळतात. जंतू असेल तर पचवतात. काजळी असेल तर ती पोटात घेऊन बसतात. म्हणून शहरातल्या माणसाचं फुप्फुस वयानुसार काळपट होत जातं. पण कण वाळूचा असला, फाउंड्रीत साचे फोडताना किंवा दगडखाणीत उडतो तसला सिलिकाचा, तर गिळणारी पेशीच मरते. मरताना कण बाहेर टाकते, दुसरी पेशी तो गिळते, तीही मरते. या झटापटीत आजूबाजूला व्रणाचे धागे तयार होतात आणि फुप्फुस आखडत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. धुळीचं काम सोडलं तरी तो वाढत राहतो, आणि तयार झालेले व्रण भरून आणणारं औषध अजून नाही. साधा रुमाल बांधून तो थांबत नाही, कारण असा कण कापडाच्या विणीतून सहज पार होतो. त्याला योग्य मास्क लागतो, आणि मुळात धूळ उडू नये म्हणून पाणी मारावं लागतं. हा खर्च माणसाच्या फुप्फुसातून वसूल करायचा नसतो, एवढं मी म्हातारा म्हणून बोलून ठेवतो.

तळाला काय आहे, हे माणसाला कळलं कधी? आपल्या चाकणच्या संग्रामदुर्गाला शाएस्तेखानानं वेढा घातला तो 1660 च्या पावसाळ्यात. फिरंगोजी नरसाळ्यांनी पन्नासहून अधिक दिवस किल्ला झुंजवला, शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1661 मध्ये, इटलीत मार्चेलो मालपिगी नावाचा माणूस बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसला होता. तोवर फुप्फुस म्हणजे मांसाचा मऊ गोळा, असंच सगळे समजत. त्याला दिसले हवेचे बारीक बारीक कोश, आणि त्यांच्या भिंतींवर रक्ताच्या केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं. इंग्लंडच्या विल्यम हार्वेनं 1628 मध्ये सांगितलं होतं की रक्त गोल फिरतं, पण धमनीतून शिरेत ते जातं कसं हे त्याला दिसलं नव्हतं. तो दुवा बेडकाच्या फुप्फुसात सापडला. हार्वे मात्र चार वर्षं आधीच, 1657 मध्ये, गेला होता.

श्वासनलिकेची फांदी दुभंगते, तिची पुन्हा दुभंगते, असं सुमारे तेवीस वेळा. शेवटी वायुकोशांचे घोस. एकेक कोश मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, आणि दोन्ही फुप्फुसांत मिळून असे सरासरी अठ्ठेचाळीस कोटी. त्यांच्या भिंती सपाट पसरल्या तर सत्तर चौरस मीटर, आपल्या बिल्डरांच्या भाषेत साडेसातशे चौरस फूट, आणि तेही कार्पेट. हवा आणि रक्त यांच्यामधलं अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. लाल पेशी एकामागं एक या भिंतीला घासून जातात. तिथं त्यांना पाऊण सेकंद मिळतो, आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच त्या ऑक्सिजननं भरून जातात.

धाकटी गप्प होती. मग म्हणाली, "आबा, एवढे बारीक फुगे चिकटून नाही बसत?"

पोरीनं बरोबर नेमक्या जागी बोट ठेवलं. वायुकोश आतून ओला असतो, आणि पाण्याचा पृष्ठभाग सतत आकसायला बघतो. फुगा जितका लहान, तितका तो जोरानं मिटणार. हिशेबानं पाहिलं तर आपण प्रत्येक श्वास सोडल्यावर कोश बंद पडायला हवेत. ते पडत नाहीत, कारण भिंतीतल्या काही पेशी साबणासारखं काम करणारा एक स्निग्ध पदार्थ पाझरत असतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात, आणि तो पाण्याची ओढ मोडतो. 1929 मध्ये कुर्ट फॉन नेरगार्डनं दाखवलं की फुप्फुस हवेनं फुगवायला जास्त दाब लागतो आणि क्षाराच्या पाण्यानं भरायला कमी, म्हणजे अडथळा पृष्ठभागाचाच आहे. त्याकडं पंचवीस-तीस वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग 1959 मध्ये अमेरिकेत मेरी एलन एव्हरी या डॉक्टरबाईंनी जेरे मीड यांच्यासोबत उलगडा केला. दिवसांआधी जन्मलेली बाळं कण्हत कण्हत, छाती आत ओढत, दोन दिवसांत जात. त्यांच्या फुप्फुसात हा पदार्थच पुरेसा नसे. आईच्या पोटात तो साधारण सहाव्या महिन्यापासून तयार होऊ लागतो, पण पुरेसा साठतो चौतीस-पस्तीस आठवड्यांनी. 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसही जगला नाही. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाकडं त्या दिवशी चिमूटभर साबण नव्हता. पुढं न्यूझीलंडच्या लिगिन्स यांना मेंढ्यांवर काम करताना दिसलं की स्टिरॉइड दिल्यावर अपुऱ्या दिवसांच्या कोकरांची फुप्फुसं लवकर तयार होतात. 1972 मध्ये त्यांनी हॉवी यांच्यासोबत मातांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आता अवेळी कळा आल्या तर आईला तेच इंजेक्शन देतात. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट थेट बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं.

आपल्या बायका अजून म्हणतात, सातव्या महिन्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही. हे साफ उलटं आहे. पोटातला एकेक आठवडा फुप्फुसाच्या कामी येतो. या समजापायी कुणी आठव्या महिन्यातल्या बाळाची आशा सोडत असेल, तर त्याला तिथल्या तिथं गप्प करा, मोठा माणूस असला तरी.

"पण आबा, धाप कोणाला लागली ते राहिलंच."

धाप मेंदूच्या देठाला लागते. आणि ती ऑक्सिजन कमी पडला म्हणून नव्हे. तू चढताना तुझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला असता तर आकडा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच दिसला असता. पायाच्या स्नायूंनी जाळलेल्या साखरेतून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो रक्त किंचित आंबट करतो, आणि मेंदूच्या देठातल्या पेशी त्या आंबटपणावर टपून बसलेल्या असतात. स्नायूंकडूनही निरोप जातातच, पण मुख्य पहारा धुरांड्यावर. जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 मध्ये हे सिद्ध केलं. हाल्डेन स्वतःला बंद पेटीत कोंडून घेऊन प्रयोग करायचा. त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढं भारतात येऊन भारतीय नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.

म्हणून सांगतो, विहिरीत बुडी मारायच्या आधी भराभर खोल श्वास घेऊ नका. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा धुतला जातो. मग वर यायची तगमग होते उशिरा, आणि त्याआधीच शुद्ध जाते. वेल्डिंगच्या आर्गॉननं किंवा नायट्रोजननं भरलेल्या टाकीत उतरलेल्या माणसाचंही तेच. तो कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर टाकत असतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतच नाही. दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. जुनी माणसं धान्याच्या पेवात उतरण्याआधी तोंड उघडून ठेवायची, मग दोरीनं पेटता कंदील सोडायची. कंदील विझला तर उतरायचं नाही. शरीराला जे वेळेवर कळत नाही ते कंदिलाला कळतं.

2020 मध्ये महाराष्ट्रातला पहिला कोविडचा रुग्ण पुण्यात सापडला, 9 मार्चला. पुढं आपल्या महाळुंग्यात म्हाडाच्या इमारतींत कोविड सेंटर झालं, ते तुम्हाला धूसर आठवत असेल. त्या साथीत डॉक्टर चक्रावले होते. ऑक्सिजनचा आकडा ऐंशीवर आलेला, आणि माणूस खाटेवर बसून फोनवर गप्पा मारतोय, धाप नाही. आता कारण बघ. कार्बन डायऑक्साइड भिंतीतून ऑक्सिजनच्या वीसपट सहज पार होतो. सुजलेल्या फुप्फुसातले जे कोश धड असतात, ते त्याला बाहेर टाकायला पुरतात. रक्त आंबट होत नाही, पहारेकरी ओरडत नाहीत. ऑक्सिजनवर नजर ठेवणारं एक ठाणं मानेतल्या धमनीपाशी आहे, पण तेही आकडा बराच घसरल्यावरच जोरानं जागं होतं. म्हणून आशाताई दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरत होत्या. लाल आणि अवरक्त उजेडानं रक्ताचा रंग मोजताना नाडीच्या ठोक्याचा आधार घ्यायची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, 1974 ची. ते वारले एप्रिल 2020 मध्ये, जग त्यांचं यंत्र शोधत असताना.

आणि रुग्णांना पालथं झोपवायचे, ते का? फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की हृदयाचं आणि पोटाचं ओझं त्यावर पडतं आणि तिथले कोश मिटतात. पालथं केलं की ते उघडतात, आकडा चढतो. औषध नाही, खर्च नाही.

"ऑक्सिजन मिळत नव्हता ना तेव्हा?"

एप्रिल 2021 मध्ये नव्हता मिळत. तो तयार होतो इथंच, चाकणच्या एमआयडीसीत. हवा दाबून, थंड करत करत पातळ करतात. उणे 183 अंशांना ऑक्सिजन उकळतो आणि उणे 196 ला नायट्रोजन, त्या फरकावर दोन्ही वेगळे काढतात. एरवी त्यातला कितीतरी गॅस कटिंगला जायचा. 22 एप्रिलपासून केंद्रानं मोजके उद्योग सोडून बाकीच्यांचा पुरवठा बंद केला आणि टँकर रुग्णालयांकडे वळले. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सात हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला पाच लिटरनं लावला तर तेवीस तासांत संपतो.

थोरल्यानं मनात गणित केलं. "आणि माणसाला लागतो किती?"

"पडून असलेल्याला मिनिटाला पाव लिटर."

"मग बाकीचा पावणेपाच लिटर कुठं जातो?"

"मास्कच्या फटीतून आणि सोडलेल्या श्वासातून वॉर्डातच. म्हणून तिथं काडी ओढायची नाही, उदबत्तीसुद्धा लावायची नाही."